चि. एस्तेरला, बर्लिनला

चि. एस्तेर,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मध्येच ठेवलास. तुझ्या गळ्यातल्या ज्यू ताऱ्याच्या साखळीचा विषय पत्रात काढायचा नाही, असं आईने बजावलंय. नाही काढत.

तिथल्या बव्हेरियन क्वार्टरमधल्या स्मारकाच्या पाट्यांचे फोटो पाहिले. दिव्याच्या खांबावर एका बाजूला साधंसं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी सरकारचा हुकूम आणि तारीख. बर्लिनच्या ज्यूंनी खाण्याचं सामान दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात घ्यायचं, जुलै १९४०. पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, मे १९४२. ते वाचलं तेव्हा तुझी मनी माझ्या पायाशीच बसली होती.

जर्मनीतले ज्यू आधीच का निघून गेले नाहीत, असं तू विचारलंस. निम्म्याहून जास्त गेले, बाळा. पण जायचं कुठे? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला निर्वासितांना कोण घेणार हे ठरवायला ३२ देश जमले आणि बहुतेकांनी हात वर केले.

माझी हयात तहसील कचेरीत गेली, म्हणून मला त्यातलं कागदाचं काम आधी दिसतं. द्वेष जुना, चर्चने शतकानुशतकं पोसलेला. पहिलं महायुद्ध हरल्याचं खापर ज्यूंवर फोडलं, मग मंदी आली, साठ लाख लोक बेकार झाले. १९३३ मध्ये त्या द्वेषाच्या हाती सरकारी शिक्का आला. एप्रिलच्या पहिल्या तारखेला दुकानांवर बहिष्कार, आठवड्याच्या आत सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा. त्यात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती. मला त्या सुटीचीच भीती वाटते. जर्मनीसाठी लढताना सुमारे बारा हजार ज्यू सैनिक मेले होते; परत आलेल्यांना वाटलं असेल, आपल्याला कोण हात लावतंय?

१९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी नागरिकत्व काढलं. ज्यू कोण, ते आजी-आजोबांच्या धर्मावरून ठरायला लागलं. १९३८ मध्ये मालमत्तेची नोंद, पासपोर्टवर लाल 'जे', आणि ज्या बाईचं नाव ज्यू वाटत नाही तिच्या नावाला 'सारा' जोडायची सक्ती. सारा, म्हणजे आपली आजी, एस्तेर! नोव्हेंबरमध्ये सिनेगॉग जाळली आणि दंड ज्यूंनाच केला, शंभर कोटी मार्क. कुणाकडे किती आहे ते कचेरीत आधीच लिहिलेलं होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये सहा वर्षांच्या पोरांच्याही कपड्यांवर पिवळा तारा आला. ऑक्टोबरात बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनातून ज्यूंना हद्दपार करणारी पहिली गाडी सुटली.

बघ, आलोच त्या ताऱ्यावर. तुला इतिहास शिकवायला बसलो, तूच तो शिकायला गेलीयेस. राग मानू नकोस.

फोटोत ती साखळी घालून पाटीखाली ताठ उभी आहेस. अगदी आजीसारखी. ती साखळी मिरवत आजी आपल्या मराठी ज्यूंच्या इस्राएल आळीतून शब्बाथच्या प्रार्थनेला जायची, कुणी कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. आपल्या मलिद्याच्या विधीचे पोहे निवडायला शेजारच्या कुळकर्णी काकू यायच्या, नारळ खवताना दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. मला तेवढंच जग माहीत आहे गं. तुझ्या तिथल्या रात्रीच्या गाड्यांत कोण बसतं, ते मला माहीत नाही.

काढून ठेव असं म्हणत नाही. दिवसा घाल. रात्री एकटी असशील तेव्हा कॉलरच्या आत घेत जा, एवढंच.

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या कागदांच्या स्कॅन प्रती दादाला मेल कर. इथे प्रिंट काढून फायलीला लावतो.

तुझे पप्पा