बेकरीतल्या ‘पावा’चा पायाशी संबंध नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावाचे पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात, ही गोष्ट समाजमाध्यमांवर फिरत असते आणि अधूनमधून छापूनही येते. ती साफ चुकीची आहे. हा पाव म्हणजे पोर्तुगीजांचा ‘पांउ’. त्यांच्या शब्दाच्या शेवटचा नाकातला ‘आंउ’ मराठीत ‘आव’ होतो. ‘लेइलांउ’चा ‘लिलाव’ झाला तो असाच. हिंदीने तो नाकातला उच्चार ‘म’ करून ठेवला, म्हणून तिकडे ‘नीलाम’. एकच बदल दोन शब्दांत सापडला की व्युत्पत्तीला आधार मिळतो. नुसत्या उच्चारसाम्याला तो नसतो.

घोटाळा का होतो, तेही समजण्यासारखे आहे. पावशेरातला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’वरून आला आणि ‘पाय’ही त्याच ‘पाद’वरून. ते दोघे खरोखर सख्खे. बेकरीतला तेवढा परका.

‘चावी’ हाही मूळचा पोर्तुगीज शब्द, आणि तो तर आपल्याकडे कधी आला असावा याचाही अंदाज देतो. आज पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये मूळ शब्दाच्या आरंभी ‘श’ ऐकू येतो, पण सोळाव्या शतकात तिथे ‘च’ होता. तो जुना ‘च’ आपल्या तोंडी टिकला आहे.

उलट पोर्तुगीज शब्दांच्या याद्यांत हटकून येणारा ‘साबण’ या कसोटीला उतरत नाही. ‘सबांउ’चा ‘सबाव’ व्हायला हवा होता. शेवटचा ‘ण’ अरबी-फारसी ‘साबून’शी जुळतो, त्यामुळे मी तरी तो त्या यादीत धरणार नाही.

अर्थाचा प्रवासही तपासावा लागतो. पोर्तुगीज ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचा बुंधा, मग कैद्याचे पाय अडकवायचे लाकूड, मग कैदखाना. आपला ‘तुरुंग’ तिथला. मराठीत ‘खोड’ आणि ‘खोडा’ ही जोडी आहेच, तिच्यावरून हा प्रवास चटकन पटतो.

गोव्याचे मोन्सेन्योर (कॅथलिक धर्मगुरूंची एक पदवी) दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ १९१३ मध्येच प्रसिद्ध केला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात नोंदीच्या शेवटी चौकोनी कंसात शब्दाचे मूळ दिलेले असते, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश मोफत पाहता येतो. शब्दकथा छापण्यापूर्वी तो कंस पाहावा आणि मूळ भाषा, मूळ शब्द, मूळ अर्थ हे तिन्ही सोबत द्यावेत, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, वसई