ताईला पत्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, माझी वाट कोणती ते तूच सांग." तेव्हा द्राक्षबागेत व्यापारी उभा होता, मी घाईत काहीतरी बोलले. आज सावकाश लिहिते.

मामा म्हणतो, परीक्षेचा अजून एक अटेम्प्ट दे. आत्याकडे स्थळांची यादी तयार आहे. पप्पा बोलत नाहीत, पण तू दिंडोरीला येऊन बाग बघावीस असं त्यांच्या मनात आहे. यात चौथं मत मी घालणार नाही.

वाट कुठेतरी आधीच तयार आहे, फक्त सापडायची बाकी आहे, असं धरून तू बसली आहेस. मला ते पटत नाही. चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघ. घरी विहिरी खोदायचं काम. तिथल्या पोराला होडी वल्हवायचं स्वप्न कुठून पडणार? पोटापाण्यासाठी सैन्यात गेला, तिथे हातात वल्हं आलं, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये १३वा आला.

लहानपणी तुम्हाला पांडवलेण्याखाली फाळके स्मारकात न्यायचो, पण तुमचा जीव कारंज्यात. दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे, जन्म १८७०चा. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला १९१३ला, वयाची ४३ वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याआधी चित्रकला शिकले, फोटो काढले, छापखाना चालवला. सिनेमा करायला बसले तेव्हा हे सगळं कामी आलं. तू "चार वर्षं वाया गेली" म्हणतेस ना, मला ते ऐकवत नाही. सातबारा आणि फेरफार आपल्या घरात तुझ्याइतका कुणाला वाचता येतो?

मात्र फाळक्यांची गोष्ट सांगताना लोक सरस्वतीबाईंना एका ओळीत उरकतात, त्याचा मला राग येतो. इंग्लंडला जाण्यासाठी दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली, पुढे बाईंचे दागिने गेले. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, आणि वर फिल्मला भोकं पाडण्याचं, ती धुण्याचं काम. नवऱ्याच्या वेडात ती बाई मनापासून उतरली असेल, नाही कशाला म्हणू? पण खर्च तिच्याही खात्यावर पडला. म्हणून तू जे ठरवशील त्याचा खर्च कुणावर पडतो, हे आधी कागदावर मांड. पुण्याची खोली, मेस, अभ्यासिका, सगळं लिही. तुझा भाऊ बारावीला आहे, तेही लिही. आणि बघून घाबरू नकोस, आम्हाला झेपेल तेवढं आम्ही सांगू.

"तुझ्यासारखी ताकद माझ्यात नाही" हेही म्हणालीस. गारपिटीच्या वर्षाबद्दल म्हणत असशील, तर ऐक. मणी तडकले होते, माल सडायच्या आत बेदाण्याला द्यायचा होता, आणि पप्पा तापाने अंथरुणाला. दर ठरवायला कुणीतरी जायला हवं होतं, मी गेले. जाताना पाय कापत होते गं. धीर आला तो सौदा पटल्यावर, परतीच्या एसटीत.

बागेचं म्हणशील तर परीक्षेला कंटाळून येऊ नकोस. बाग कंटाळलेल्या माणसाला आणखी कंटाळा आणते. डाऊनीची बुरशी आली की रात्रीची झोप जाते, औषधवाल्याची उधारी असते, मजूर ऐनवेळी दुसऱ्याच्या बागेत जातात. हे सगळं माहीत असून यायचं असेल तर ये. एप्रिलमध्ये खरड छाटणी आहे, तिथपासून हिशोबाची वही तुझी. परीक्षाच द्यायची असेल तर तीही दे. तिसरंच काही डोक्यात असेल तर तेही मला चालेल, आत्याचं मी बघते.

फक्त पप्पांना तू स्वतः सांग. माझ्याकडून निरोप पाठवू नकोस, मी देणार नाही. सातनंतर फोन कर, दिवसभर तोडणी चालू असते.

तुझी,
आई