नाव सांगितलं, बाबा

ऐरोली, नवी मुंबई
रविवार, ९ नोव्हेंबर २००८

ती. बाबा आणि आई,
सविनय जय भीम.

बुधवारी सकाळी मी फोन केला तेव्हा बाबांना नीट ऐकू येत नव्हतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आई घाबरून "कोण आजारी आहे का?" एवढंच विचारत राहिली. कोणी आजारी नाही गं. मी आनंदाने रडत होते. फोनवर राहिलं ते सगळं आता लिहिते. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. माझ्यासाठी ती गोष्ट मंगळवारी रात्रीच सुरू झाली होती. माझी रात्रपाळी होती. तिकडच्या लोकांच्या हॉस्पिटलच्या बिलांचे फोन आम्ही इथून घेतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या रात्री फोन कमी होते, सगळा देशच मतदानाच्या रांगेत उभा असल्यासारखा. दोनच्या सुमारास जॉर्जियातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. तिकडे दुपार होती. बिलाचं काम पाच मिनिटांत झालं, पण त्यांना फोन ठेववेना. म्हणाल्या, आज तीन तास उभी राहून मत देऊन आले. आमच्या आईला नाव नोंदवायला गेल्यावर वाचनाची परीक्षा घेऊन परत पाठवलं होतं, तिच्या वाटणीचंही आज देऊन आले.

त्यांचं नाव मला लिहिता येत नाही, आमचा तसा नियमच आहे. पण त्यांनी माझं विचारलं. फोनवर मी 'मेरी' असते. तिकडच्या लोकांना बोलायला सोपं जावं म्हणून कामावर लागल्या दिवशीच दिलेलं नाव आहे ते. गेली चार वर्षं रोज रात्री मी मेरी होते. त्या रात्री मात्र "सुजाता" असं निघून गेलं तोंडातून. त्यांनी एकेक अक्षर विचारून घेतलं, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाल्या. बाबा, तुम्ही ठेवलेलं नाव इतक्या लांबून असं नीट उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी घरी आले ती झोपलेच नाही. सिद्धूची शाळा दुपारची, तो चहा-चपाती घेऊन माझ्या शेजारी टीव्हीपुढे बसला. आठाच्या आसपास ओहायो ओबामांकडे गेलं तेव्हाच जाणकार माना डोलवायला लागले होते. साडेनऊला पश्चिमेकडच्या राज्यांतलं मतदान संपलं आणि त्याच मिनिटाला पडद्यावर निकाल झळकला. जिंकायला राज्यांच्या प्रतिनिधींची २७० मतं लागतात, आता आकडा साडेतीनशेच्या वर गेलाय. शिकागोच्या मैदानात लाखो माणसं. त्या गर्दीत जेसी जॅक्सन उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. सिद्धूने विचारलं, हे आजोबा का रडतायत? मी म्हटलं, १९६८ साली मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली तेव्हा हे तिथेच होते. आणि मग मलाच पुढे बोलवेना.

बाबा, हरलेल्या मॅक्केन यांचं भाषण तुम्ही ऐकायला हवं होतं. ओबामांचं नाव निघताच त्यांची माणसं हुर्यो करायला लागली, तर त्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. शंभर वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षाने एका काळ्या माणसाला व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं म्हणून केवढा गहजब झाला होता, याची आठवण त्यांनी स्वतःहून काढली. पंगत कुणाची कुणाबरोबर, हा प्रश्न तिकडेही होताच.

आणि आई, हे खास तुझ्यासाठी. ओबामांनी भाषणात अटलांटाच्या १०६ वर्षांच्या ॲन निक्सन कूपर यांची गोष्ट सांगितली. एक काळ असा होता की त्यांना दोन कारणांनी मत नव्हतं, एक बाई म्हणून आणि दुसरं कातडीच्या रंगामुळे. या निवडणुकीत त्यांनी पडद्याला बोट लावून मत दिलं. मला तूच दिसलीस. मतदानाला तू दिवाळीची साडी नेसतेस आणि शाई लागलेलं बोट दिवसभर जपतेस. आपल्या आजीने तर १९५२ सालीच मत दिलं होतं, तेही अंगठ्याची बाई असून. तिच्या वयाच्या अलाबामातल्या कितीतरी काळ्या बायांना आणखी तेरा वर्षं थांबावं लागलं. सेल्माच्या पुलावर माणसांनी लाठ्या खाल्ल्या तेव्हा कुठे मतदानाच्या हक्काचा १९६५चा कायदा आला. आजीला कुणी वाचनाची परीक्षा द्यायला लावली नाही. बाबासाहेबांनी हे आपल्याला केवढं मोठं देऊन ठेवलंय, ते मला या म्हाताऱ्या बायांमुळे नव्याने कळलं.

तू म्हणशील, तिकडे कोण का निवडून येईना, आपल्याला काय त्याचं? त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी चौदा वर्षं तुमच्यापासून लपवली.

लग्नानंतर आम्ही ठाण्यात खोली शोधत होतो. एका मालकीणबाईंनी चहा दिला, पैसे घेतले, सगळं ठरलं. मग पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी पैसे परत आले, भाचा राहायला येतोय म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या खोलीच्या वेळी मी फक्त "सुजाता" एवढंच सांगितलं आणि आडनाव गिळून टाकलं. खोली मिळाली. दोन वर्षं राहिलो तिथे, दारावर पाटी न लावता.

बाबा, तुम्ही मास्तर झालात तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, आडनाव बदलून घ्या, बदलीच्या गावी त्रास होणार नाही. तुम्ही म्हणालात, बदलायचंय ते समोरच्याच्या डोक्यातलं. गावोगावी खोलीवाचून शाळेच्या ओट्यावर झोपलात, पण बदललं नाही. आणि तुमच्या मुलीने ते गिळलं. तुमच्यासमोर बसून हे मला कधी सांगता आलं नसतं.

या माणसाचं पूर्ण नाव बराक हुसेन ओबामा. मधलं नाव विरोधक मुद्दाम ठासून घ्यायचे, लोकांना भीती वाटावी म्हणून. लहानपणी त्याला बॅरी म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर त्याने पुन्हा बराक म्हणवून घ्यायला सुरुवात केली, आणि तेच आख्खं नाव घेऊन तो कोट्यवधी लोकांपुढे मत मागायला उभा राहिला. १९९७ साली के. आर. नारायणन पहिले दलित राष्ट्रपती झाले तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते, तोही मोठाच दिवस होता. पण इथे माणसं पहाटेपासून रांगेत उभी राहिली आणि त्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने खूण केली. त्यांत गोऱ्या घरमालकीणीही असतील.

मी भाबडी नाही, बाबा. दोनच वर्षांपूर्वी खैरलांजी झालं, आपल्या एका कुटुंबातल्या चौघांना गावाने मारून टाकलं. आता सप्टेंबरमध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाचा निकाल लागला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. एका निवडणुकीने तिकडचं सगळं दुःखही संपणार नाही. तरीही बुधवारपासून छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटतंय, हे खरं आहे. गुरुवारी मी ऑफिसात अर्ज दिला, मला माझ्याच नावाने बोलू द्या म्हणून. शनिवारी यांनी दारावरची पाटी नवीन करून आणली. सिडकोच्या या घरावर इतकी वर्षं फक्त यांचं आणि माझं पहिलं नाव होतं. आता आडनाव आहे, मोठ्या अक्षरांत. सिद्धूने स्टुलावर चढून स्क्रू पिळले.

त्याला जोतीरावांची गोष्ट सांगितली. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना पुण्यात बसलेल्या माणसाने ते पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, तिथल्या गुलामांना मुक्त करायला ते झटले म्हणून. सिद्धू म्हणाला, म्हणजे त्यांची निवडणूक आपलीपण आहे? बाबा, मी हो म्हटलं. चौथीत असताना तुम्ही आम्हाला ती अर्पणपत्रिका पाठ करायला लावली होती. आता मला ती पूर्ण आठवत नाही. तुमच्या अक्षरात लिहून पाठवा, सिद्धूला टेबलासमोर लावायची आहे.

२० जानेवारीला शपथविधी आहे, आपल्याकडे रात्री साडेदहाला. मी आजच सुट्टी मागून ठेवली. तुम्ही दोघं त्याच्या आठवडाभर आधीच या. बाबांना कानाच्या डॉक्टरकडेही नेता येईल, यंत्र बसलं की भाषण नीट ऐकू येईल. महाडहून सकाळची एस.टी. धरा, आईला खिडकीची जागा द्या, ठाण्यात खोपटला उतरा. मी घ्यायला येते. रिक्षाने आलात तर घर विचारायची गरज पडणार नाही, पाटी जिन्यातूनच दिसते.

तुमची
सुजाता