'बॅकनेलिया'ला धिंगाणा म्हणू नकोस

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र काल मिळालं. अनुवादात 'बॅकनेलिया' आला आणि तू 'दारूचा धिंगाणा' लिहून पुढे गेलास, हे वाचून राहवेना. लगेच लिहायला बसलो.

आजच्या पार्टीचं वर्णन असतं तर धिंगाणा चालला असता. पण तुझा उतारा इ.स.पू. १८६ च्या रोममधला आहे. बॅकस म्हणजे ग्रीकांचा डायोनायसस, मद्याचा आणि अंगात येण्याचा देव. त्याच्या उपासनेच्या जागेला लॅटिनमध्ये 'बाकानाल' म्हणत, त्याचं हे अनेकवचन. आधी जागा, मग तिथले विधी. धिंगाणा हा अर्थ बदनामीनंतर चिकटला.

बदनामीची कथा लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. फक्त बायकांचे, वर्षातून तीन दिवस, दिवसाउजेडी होणारे विधी पाकुल्ला आन्निया या पुजारिणीने रात्रीवर नेले, महिन्यातून पाचदा केले, पुरुषांना आत घेतलं, असं तो सांगतो. मग मद्य, व्यभिचार, खून. सात हजारांवर माणसं गुंतलेली. कैदेत गेले त्यांच्याहून मारले गेले ते जास्त. दोषी बायकांना तर शिक्षेसाठी घरच्यांच्याच हवाली केलं. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पण लिव्ही लिहितोय दीडशेहून अधिक वर्षांनी. या विधींना आवर घालणारा सिनेटचा, म्हणजे रोमच्या कारभारी सभेचा, मूळ हुकूम मात्र ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला आहे. १६४० साली दक्षिण इटलीत तिरिओलोला तो सापडला, आता व्हिएन्नात आहे. मिलिंद, त्या हुकुमात दारूचं नावसुद्धा नाही! पुरुषाने पुजारी व्हायचं नाही. सामाईक पैसा ठेवायचा नाही. आपसात शपथा घ्यायच्या नाहीत. गुपचूप विधी करायचे नाहीत. पाचांहून जास्त जणांनी जमायचं नाही, त्यातही पुरुष दोन, बायका तीन. सवलत हवी तर प्रेटरकडे, म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्याकडे जायचं, आणि किमान १०० सिनेटर हजर असतील तेव्हाच ती मिळणार.

पिऊन पडणाऱ्यांसाठी कोण असले नियम करतं? सिनेटला धास्ती होती ती वर्गणी काढणाऱ्या, शपथेने बांधल्या गेलेल्या माणसांची, ज्यांचा म्होरक्या सिनेटने नेमलेला नव्हता. मला तरी यात दुसरं काही दिसत नाही.

तेव्हा उताऱ्यात 'बॅकसचे विधी' असं लिही. कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, लोकांपुढे भाषण करतो, तिथे मात्र 'धिंगाणा' राहू दे. तो आरोप त्याचाच आहे.

सुधारलेला खर्डा पाठव. दिवाळीपर्यंत मी घरीच आहे. काकूंना नमस्कार.

तुझा,
अनंत