प्रायमाक्वीनच्या पहिल्या गोळीआधी एक चाचणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईतल्या बांधकामांवर, उघड्या टाक्यांमुळे, हिवतापाचे रुग्ण वाढतात. रक्तात व्हायवॅक्स हा हिवतापाचा परजीवी सापडला की क्लोरोक्वीन या हिवतापाच्या औषधाबरोबर प्रायमाक्वीन 14 दिवस घ्यायचे असते : किलोमागे रोज 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 15 मिलिग्रॅम. यकृतात दडून बसलेला परजीवी काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला मारणारे औषध हेच. ते टाळा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पहिल्या गोळीआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची चाचणी करा, एवढीच आमची कळकळीची मागणी आहे.

तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. त्यामुळे एनएडीपीएच हा पेशीला जपणारा रेणू मिळवण्यासाठी तिला ग्लुकोजच्या एकाच मार्गावर विसंबावे लागते आणि त्या मार्गाची पहिली पायरी म्हणजे जी-सिक्स-पीडी. एनएडीपीएच ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याला पुन्हा कामाला लावते, ग्लुटाथायोन पेशीला घातक असे पेरॉक्साइड निकामी करते. एन्झाइम कमी असेल आणि वरून प्रायमाक्वीनचा मारा झाला, तर हिमोग्लोबिनच्या गाठी होतात आणि पेशी फुटतात. प्रायमाक्वीनने काहींनाच असा त्रास का होतो, हे शोधतानाच 1956 साली ही कमतरता उघड झाली. आपल्याकडे ती दुर्मीळ नाही. भारतात आढळणाऱ्या तिच्या एका प्रकाराचे नावच केरळ-कल्याण आहे.

फ्लुरोसंट स्पॉट चाचणी सोपी आहे. रक्ताचा थेंब अभिकर्मकात, म्हणजे चाचणीच्या रसायनात, मिसळायचा, ठरावीक मिनिटांनी गाळणकागदावर ठिपके द्यायचे, वाळवून अतिनील दिव्याखाली बघायचे. ठिपका चमकला तर एन्झाइम आहे. चमकलाच नाही तर कमतरता आहे. चुका होतात त्या नमुना घेताना. रक्त गोठू न देणारी, जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी वापरावी. शिबिरात घेतलेले रक्त दुपारभर गाडीच्या डिकीत राहिले, तर उष्णतेने एन्झाइम मरते, धडधाकट माणूस ‘कमतरता’ म्हणून नोंदला जातो आणि त्याचे प्रायमाक्वीन विनाकारण थांबते. नळी 2 ते 8 अंशांत ठेवावी. गोठवू मात्र नये, पेशी फुटतात.

याहून घातक चूक वेळेची. पेशी जुनी होत जाते तसे तिच्यातले एन्झाइम घटते. औषधाने आधी जुन्या पेशी फुटतात, उरतात आणि नव्याने येतात त्या तरुण, भरपूर एन्झाइम असलेल्या. म्हणून पेशी फुटून लघवी काळ्या चहासारखी झाल्यावर केलेली चाचणी ‘नॉर्मल’ येऊ शकते, आणि तोच कागद दाखवून पुढच्या तापात पुन्हा तेच औषध दिले जाते. अशा रुग्णाची चाचणी तीनेक महिन्यांनी परत करावी. नुकतेच रक्त चढवले असेल तरी तेच, कारण तेव्हा मोजले जाते ते रक्तदात्याचे एन्झाइम.

या एन्झाइमचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ठळक कमतरता पुरुषांत जास्त दिसते. स्त्रियांत निम्म्या पेशी चांगल्या, निम्म्या दुबळ्या असू शकतात आणि ठिपका तरीही चमकतो. शंका असल्यास एन्झाइमचे प्रत्यक्ष मोजमाप करून घ्यावे. कमतरता निघाली म्हणून मार्ग बंद होत नाही : प्रायमाक्वीन किलोमागे 0.75 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, 8 आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि हिमोग्लोबिन तपासत. गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्वीन द्यायचेच नाही.

आमची महापालिकांना विनंती आहे की चाचणीचा निकाल रुग्णाच्या कार्डावर ठळक लिहावा. बांधकाम मजूर आज घणसोलीत तर उद्या भिवंडीत असतो. कागद त्याच्याजवळ हवा. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर त्याच्या भाषेत सांगावे : लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर पडले, तर गोळी लगेच बंद करून दवाखान्यात या.

प्रसूतिगृहांसाठीही एक सूचना. बाळंतविड्याचे कपडे, दुपटी पेटीत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली असतात. त्यातले नॅफ्थलीन कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडते, कावीळ झपाट्याने वाढते आणि मेंदूला इजा होण्यापर्यंत मजल जाते. कपडे नुसते उन्हात टाकले की झाले, असा भरवसा धरू नये. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत, हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर छापावे.

आपले,
रक्ततपासणी प्रयोगशाळांतील काही डॉक्टर व तंत्रज्ञ,
ठाणे व नवी मुंबई