काकूंसाठी मांजर आणावं का?

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय वैशू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज अप्पांनी आणि मी मिळून ऐकला. साताऱ्याला तुझ्या आईसाठी, म्हणजे काकूंसाठी मांजर आणावं का, आणि त्यांच्या घरात कॅमेरा लावावा का, असं विचारलंयस. मोबाइलवर तुटक तुटक लिहून मजा नाही, म्हणून कागदच घेतला.

मांजर आण. यात मला तिळमात्र शंका नाही.

अप्पांचं सांगते. दादाने दिलेला स्मार्टफोन त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता, तुला माहीतच आहे. पावसाळ्यात आमची मांजर चिंगी जिन्याखालून, पाण्याच्या मीटरपाशी भिजलेली, घरात आली. पंधरवड्यात अप्पा मला विचारायला लागले, "फोटो कसा काढतात गं?" त्यांच्या फोटोत अर्धा त्यांचा अंगठा आणि कोपऱ्यात चिंगीची शेपूट असते, पण ते दादाला रोज जातातच. पूर्वी नातू व्हिडिओ कॉलवर "हाय आजोबा" म्हणून पळायचा. आता "चिंगी कुठंय?" विचारतो, आणि अप्पा फोन हातात धरून घरभर फिरतात. वॉशिंग मशीनच्या मागे, गॅलरीत, गाद्यांच्या थप्पीवर. चिंगी सापडेपर्यंत शाळेचं, क्रिकेटचं, सगळं बोलून होतं. आई गेल्यानंतर या घरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

परवा त्यांना मी एक जुनी बातमी वाचून दाखवली. २०१२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १६,००० प्रोसेसर जोडून संगणकाला यूट्यूबच्या व्हिडिओंमधली एक कोटी चित्रं दाखवली. मांजर म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो मांजराचा चेहरा ओळखायला शिकला. वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्म काढलेले अप्पा मन लावून ऐकत होते. म्हणाले, "एक कोटी? आपल्या नातवाला एक पुरलं."

पडद्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, समोरच्यांचा कुत्रा टीव्ही बघतो, अगदी कान टवकारून. कुत्र्यांचे डोळे आपल्यापेक्षा जलद लुकलुक टिपतात, म्हणून जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर त्यांना चित्र थरथरताना दिसायचं. हल्लीच्या पडद्यांवर ते सलग दिसतं. रंगांत निळा आणि पिवळा त्यांना नीट कळतात, लाल-हिरव्याचा घोळ होतो.

आता जरा रागाने लिहिते. उन्हाळ्यात चिंगीला ताप आला, तेव्हा एका ग्रुपवर कुणीतरी बिनदिक्कत लिहिलं, "पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या." वर दहा-बारा अंगठे! वैशू, मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात आणि प्राणवायू वाहून नेणंच थांबतं. माणसाची एक गोळीही जीव घेऊ शकते. चांगल्या मनाची माणसं असं लिहितात, याचंच मला जास्त वाईट वाटतं. आम्ही तिला तडक डॉक्टरांकडे नेलं, ती बरी झाली. काकूंच्या घरात डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटव. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी. हे दोन्ही टाळू नकोस.

तू म्हणतेस ती कातडीखाली बसवायची ओळखीची चिप लावून घे, पण मोबाइलच्या नकाशावर मांजर दिसेल ही आशा सोड. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरीच नसते. स्कॅनर जवळ धरला की फक्त १५ आकडी नंबर कळतो, आणि तो नंबर तुमच्या नावावर नोंदवलेला असेल तरच उपयोग. गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा हवाच. तो ओढ बसली की सुटणारा घे, नाहीतर खिडकीच्या गजात अडकून गळफास बसेल.

कॅमेऱ्याचं मला नाही पटलं. म्हणजे, काकूंना न विचारता नाही पटलं. न्हाऊन केस मोकळे सोडून बाहेर आल्यावर लेक पुण्यातून बघतेय, हे त्यांना कसं वाटेल? तू काळजीपोटीच म्हणतेस, मला ठाऊक आहे. पण घर त्यांचं आहे. त्या हो म्हणाल्या तर मांजराच्या ताटलीपाशी लाव, आणि कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदल. त्यापेक्षा काकूंनाच फोटो काढायला शिकव. अप्पा म्हणताहेत, "वहिनींना मी शिकवतो, फोनवरून." शिकवतीलही!

पिल्लू आणलंस की नाव आधी मला कळव, आणि दिवाळीनंतर काकूंना घेऊन ठाण्याला ये. गडकरी रंगायतनला एखादं नाटक बघू, तलावपाळीवर बसू. काकूंना माझा नमस्कार.

तुझी,
मंजू