स्टँडअप की हजेरी?

संपादक महोदय,
आयटीत सगळीकडे अजाईल अजाईल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत बनवायची पद्धत) चालतं, पण २००१ मधे अमेरिकेत युटा राज्यात १७ जणांनी जमून जो अजाईलचा जाहीरनामा लिहिला त्यात पहिलंच म्हणणं आहे की प्रोसेस आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद महत्त्वाचा, आणि आमच्याकडे काय तर आधी तिकीट (कामाची ऑनलाइन नोंद) अपडेट करा मग बोला. स्क्रम या अजाईलच्याच एका प्रकारात रोजची मीटिंग, म्हणजे स्टँडअप, १५ मिनिटांची, तीही डेव्हलपर्सनी आपसात दिवसाचं काम ठरवायला, मॅनेजरपुढे हजेरी लावायला नाही. आमची पाऊण तास चालते! स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचे आकडे) अंदाजापुरते असतात हो, त्यावरून अप्रेझल कसलं ठरवता? स्कोप (काय काय बनवायचं ते) आणि तारीख दोन्ही आधीच फिक्स, मग हा तुकडे पाडलेला वॉटरफॉलच (सगळं आधी ठरवून एकामागून एक टप्पे करायची जुनी पद्धत) झाला ना. निदान रेट्रोत (टप्पा संपल्यावर काय सुधारायचं ते ठरवायच्या बैठकीत) ठरलेली एखादी गोष्ट तरी पुढच्या स्प्रिंटमधे, म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात, घ्या.

– एक डेव्हलपर, हिंजवडी, पुणे